बंधाऱ्यावरचे डॉल्फिन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गुडघ्याने रजेचा अर्ज टाकला होता, तो मंजूर करावा लागला. मध्यंतरी आठ दिवस गावी राहून आले आणि येताना डोक्यात एक भुंगा घेऊन आले. तो अजून गुणगुणतोच आहे. आज त्याला इथे मोकळा सोडते, म्हणजे मला तरी झोप लागेल. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आणि थोडा भांडणाचाही आहे, तेव्हा नातेवाइकांनी आधीच सावध व्हावं :-)

गोष्ट आमच्या गावच्या बंधाऱ्याची. गाव समुद्राकाठी. (नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी कोकणातलं कुठलंही गाव धरावं, फारसा फरक पडणार नाही.) माझ्या लहानपणी मागच्या दारातून निघालं की आधी माडांची वाडी लागायची, मग केवड्याचं बन, मग मर्यादवेलीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे पुळण. मर्यादवेल! हे नाव ज्याने ठेवलं तो माणूस कवी असला पाहिजे. वाळूवरून सरपटत जाणारी, जांभळट फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल. समुद्राने कुठवर यायचं ते ती सांगते. तिने आणि केवड्याने धरून ठेवलेली वाळू ही समुद्राची बँकेतली ठेव असते. पावसाळ्यात तो ती काढतो, पाऊस सरला की हळूहळू परत भरतो. आम्ही हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, दरवर्षी मागच्या दारातून बघत होतो.

पुढे तो परत भरेनासा झाला. कारणं एक का आहेत? खाड्यांमधून उपसलेली वाळू, नद्यांवरची धरणं, जेट्ट्या, केवडा तोडून केलेली 'समुद्रदर्शन' रिसॉर्टं आणि वर चढत चाललेलं पाणी. हे आमच्याच गावचं दुखणं नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला, त्यात देशाच्या मुख्य भूमीच्या ६,९०७ किलोमीटर किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे असं निघालं. मग जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, वर्षभरात मे २०२१ मध्ये तौक्ते. माझ्या चुलतभावाच्या वाडीतली माडांची समुद्राकडची अख्खी ओळ गेली. उन्मळून पडलेला माड बघणं वेगळं आणि ज्याच्या बुंध्याशी बसून आपण पाढे पाठ केले तो पडलेला बघणं वेगळं. असो.

तर बंधारा झाला. सरकारी भाषेत 'धूपप्रतिबंधक बंधारा'. समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचा उतार, मागे काँक्रीटची भिंत, माथ्यावर पायवाट आणि कठडा. मी आजवर तो बांधत असतानाच पाहिला होता, पुरा झालेला या खेपेला प्रथमच पाहिला. आणि पाहते तो काय! गावाकडच्या बाजूने भिंतीला गिलावा करून निळा रंग दिलेला. त्यावर उड्या मारणारे चार डॉल्फिन, केस मोकळे सोडलेली एक जलपरी, वारलीसारखा काहीतरी नाच, रंगीत छत्रीखाली गॉगल लावून बसलेलं एक गोरं जोडपं आणि टोकाला एक माड. होय, रंगवलेला माड. जिथे माझ्या भावाचा खरा माड होता तिथून वीस पावलांवर, ऑइलपेंटमधला, चार नारळ लागलेला माड! त्याच्या पुढे माणसाच्या उंचीची लाल अक्षरं, 'आय लव्ह' आणि गावाचं नाव. रात्री ती पेटतात.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, अशाच कामांत असतो. (हे काम त्याचं नव्हे, हे त्याच्या आग्रहावरून लिहिते आहे.) तो म्हणाला, "आत्या, कशी वाटली भिंत? आधी नुसतं भकास काँक्रीट होतं. आता पर्यटक थांबतात, फोटो काढतात." मी म्हटलं, "अरे, ही भिंत आहे की बालवाडी?" तेव्हापासून आमचं जे जुंपलं आहे ते अजून फोनवर चालू आहे. हा लेख म्हणजे त्या भांडणातली माझी बाजू. त्याला त्याची मांडायची असेल तर त्याने स्वतःचा ब्लॉग काढावा.

आधी एक स्पष्ट करते, नाहीतर तुमच्यापैकी अर्धे मला टाळ्या देतील आणि त्या टाळ्या मला नको आहेत. बंधाराच नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. पुण्यामुंबईचे निसर्गप्रेमी शनिवारी येतात, 'किनारा काँक्रीटने विद्रूप केला' म्हणून हळहळतात आणि रविवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परत जातात. भरतीच्या रात्री अंथरुणात पडून लाटेचा दणका भिंतीतून ऐकणारा माणूस अशी हळहळ करत नाही. जिथे वाळू आणि केवडा राखून भागतं तिथे भिंत घालू नये, हे शंभर वेळा खरं. पण जिथे घरं उंबऱ्याशी आली आहेत तिथे माणूस काहीतरी आडवं घालणारच. माझा वाद ते आडवं घालण्याशी नाही. ते कसं दिसावं याचा विचार आपण कधी करतो आणि कुणाकडून करून घेतो, याच्याशी आहे.

आपल्याकडे हा विचार सगळं संपल्यावर होतो. त्याला एक शब्दही आहे: सुशोभीकरण. आधी एक खातं कुरूप वस्तू बांधतं, मग दुसऱ्या निधीतून तिच्यावर शोभा चढवली जाते. म्हणजे मुलाला आंघोळ घालायची नाही आणि वरून पावडर थापायची. मी छत्तीस वर्षं शाळेत होते, असे निबंध खूप तपासले आहेत. आत मुद्दा नाही, पण मार्जिनला वेलबुट्टी. मी त्यांना दहापैकी तीन द्यायची. वेलबुट्टीचे गुण वेगळे नसतात रे बाबांनो.

भाचा म्हणतो, "आत्या, संरक्षणाचं काम आहे, ते काय सुंदर असणार?" का नसणार? आमच्या वर्गाची सहल सिंधुदुर्गला जायची. मालवणचं ते कुरटे बेट. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ल्याचं काम सुरू केलं. तो बांधणाऱ्यांच्या डोक्यात शत्रूची जहाजं होती आणि पावसाळ्यातला समुद्र होता, 'सेल्फी पॉइंट' नव्हता. तट बेटाच्या कडेकडेने, खडक जसा वळेल तसा वळत गेला आहे. एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी मारा करता यावा म्हणून बुरुज बाहेर काढले. त्यातून जी नागमोडी रेघ तयार झाली ती आज साडेतीनशे वर्षांनंतर होडीतून बघताना मुलं आपोआप गप्प होत. त्यांना मी कधी 'बघा किती सुंदर' असं म्हटलं नाही. गरजच पडली नाही.

मुरूडजवळचा पद्मदुर्ग तर त्याहून विलक्षण. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी झिजून खोलगट झाले आहेत, पण दोन दगडांमधला चुना मात्र तसाच उभा आहे. भिंत मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते. समुद्राने दगड खाल्ला, चुना त्याला खाता आला नाही! ही नक्षी कुणी काढली नाही. चांगलं काम आणि तीन शतकांचा समुद्र यांनी मिळून ती काढली आहे. आमच्या डॉल्फिनची पोपडी तर दुसऱ्याच पावसाळ्यात सुटायला लागली. एकाची शेपटी गेली आहे.

"किल्ले म्हणजे राजेरजवाड्यांची कामं," असं कुणी म्हणेल. बरं, मग शेतकऱ्यांचं उदाहरण घ्या. गोव्यातली खाजन शेती. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून खाडीकाठी मातीचे, जांभ्या दगडाचे बांध शेकडो वर्षं गावाने मिळून घातले आणि राखले. बांधाबाहेर खारफुटी ठेवली, म्हणजे लाटेचा जोर आधीच मोडतो. आणि बांधात ठेवली मानस. म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. ना वीज, ना मोटर, ना शिपाई. भरतीच्या वेळी मानशीजवळ उभं राहून ते दार मिटताना बघणं... मी तरी याहून सुंदर संरक्षक बांधकाम पाहिलेलं नाही. बांधावरून शेतकरी चालत जातात, मानशीपाशी मासे धरतात, बगळे बसतात. त्यावर चित्र काढायचं कुणाला सुचलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे की सौंदर्य लागतं ते रेघेत, उंचीत, दगडात, उतारात. ते नकाशाच्या पहिल्या कागदावर ठरतं. रंगाऱ्याला बोलावेपर्यंत वेळ गेलेली असते.

इथे भाच्याने हुकमी पत्ता टाकला: "तुझे किल्ले आणि खाजनं ठीक आहेत, पण आजच्या आकाराची कामं अशी होत नाहीत." आजची घ्या मग. धाकट्या लेकीकडे गेले होते तेव्हा जावयांनी थेम्स नदीवरचं पूर अडवणारं धरण दाखवायला नेलं. (त्यांना वाटलं होतं मला राजवाडा बघायचा असेल. राजवाडा फोटोत बघितला आहे.) १९५३ साली उत्तर समुद्राच्या वादळात इंग्लंडमध्ये तीनशेवर माणसं गेली, त्यानंतर बराच खल होऊन हे काम झालं आणि १९८२ पासून ते वापरात आहे. लंडनसारख्या शहराला वाचवणारी केवढी अवाढव्य यंत्रणा! पण दिसतं काय, तर नदीच्या पात्रात एका ओळीत मांडल्यासारखे चंदेरी शिंपले. ते शिंपले म्हणजे दारं फिरवणाऱ्या यंत्रांवरची पोलादी छपरं. मुख्य दारं एरवी नदीच्या तळाशी आडवी निजलेली असतात, वरून जहाजं जातात. समुद्र चढायला लागला की दारं उठून उभी राहतात. छप्पर तर घालायचंच होतं, ते नीट घातलं. नंतर चिकटवलेलं काही नाही.

त्याच १९५३ च्या वादळात हॉलंडमध्ये १,८३६ माणसं मेली. त्या देशाला पाण्यापासून वाचण्याचं शिकवायला नको. तिथल्या काटवाइक नावाच्या समुद्रकाठच्या गावाला नवं संरक्षण हवं होतं, पण गाव आणि समुद्र यांच्यामध्ये उंच भिंत नको होती. त्यांनी काय केलं? बांध वाळूच्या टेकडीच्या पोटात घातला, वर वाळू, वाळूवर गवत. आणि बांधाच्या गावाकडच्या बाजूला, त्याच टेकडीखाली मोटारी ठेवायची जागा केली. २०१५ मध्ये हे काम पुरं झालं. गावकरी आज वाळूच्या टेकडीवरून समुद्रावर जातात, पायाखाली बांध आहे हे पाहुण्याला सांगावं लागतं. मला हे वाचल्यावर आमची मर्यादवेल आठवली. तीही वाळूच धरून ठेवत होती, फुकटात.

"श्रीमंत देश आहेत ते, आत्या." हो, आहेत. पण श्रीमंत देशही चुकतात. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर सुमारे चारशे किलोमीटरच्या भिंती उभ्या राहिल्या, काही ठिकाणी चौदा मीटरच्याही वर. पाच मजली इमारत म्हणा ना. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, त्यांना घरातून समुद्र दिसेना. केसेन्नुमा शहरात मग भिंतीला छोट्या छोट्या खिडक्या ठेवल्या. समुद्र बघायला खिडकी! ज्यांनी माणसं गमावली त्यांच्या भीतीवर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. पण तारो गावात आधीचीच दहा मीटरची प्रसिद्ध भिंत होती, लाट तिच्यावरून गेली. समुद्र दिसत नसला की तो बदलला हेही दिसत नाही. भिंतीचं रूप हा नुसता डोळ्यांच्या चैनीचा प्रश्न नाही, तो इथे जिवाशी येतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे जर फक्त न आवडणाऱ्या चित्रांचं प्रकरण असतं तर मी लेख लिहिला नसता, मान वळवून चालायला लागले असते. नावडती भित्तिचित्रं बघायची सवय आपल्याला आहेच. पण वरून चढवलेली शोभा कामालाच मारते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रोजच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एक दगडी संरक्षक भिंत होती. काळी, शेवाळलेली, दिसायला काही विशेष नाही. तिच्यात हातभर अंतरावर ओळीने भोकं होती आणि आषाढात त्या प्रत्येक भोकातून पाण्याची धार पडायची. पोरं त्याखाली हात धरत. या भोकांना इंजिनिअर लोक वीप होल म्हणतात. डोंगरात मुरलेलं पाणी भिंतीमागे साठून तिला ढकलू नये म्हणून ती वाट. भिंतीवर मातीपेक्षा पाण्याचा भार भारी पडतो. एका उन्हाळ्यात कुठल्याशा स्वच्छ-सुंदर योजनेत त्या भिंतीला गिलावा झाला, फरशीचे रंगीत तुकडे बसवले, सुविचार लिहिले. भोकं बुजली. पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर ओल आली. दुसऱ्या पावसाळ्यात तिला पोट सुटलं. श्रावणातल्या एका पहाटे ती रस्त्यावर आली. पहाट होती म्हणून बरं, दोन तासांनी तिथून शाळेची दीडशे मुलं गेली असती. ढिगाऱ्यात 'झाडे लावा झाडे जगवा' या ओळीचा अर्धा तुकडा होता. मी तो बराच वेळ बघत उभी होते.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, "गिलाव्याने भेगाही दिसत नाहीत, ते खरं आहे." झालं तर!

घाटांमध्ये तेच. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा डोंगर कापून केलेली ती वाट बघायला आम्ही हौसेने गेलो होतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पन्नासवर माणसं गेली. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ पुन्हा अपघात. त्यानंतर उभ्या कापलेल्या कड्यांचे उतार कमी केले, जाळ्या लावल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, मग तिथेही जाळ्या आल्या. परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर कापला आणि २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवायची वेळ आली. या जाळ्यांबद्दल लोक कुरकुरतात की सह्याद्रीला पिंजऱ्यात घातलं. मला त्या चालतात. जाळी काही लपवत नाही. दगड कुठला सुटला ते दिसतं, पाणी वाहतं, आणि दोन पावसाळ्यांत तिच्या डोळ्यांतून गवत वर येतं आणि ती दिसेनाशी होते. सौम्य उतार, पाण्याला वाट, त्यावर वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत, एवढं केलं की डोंगर स्वतःच स्वतःचं सुशोभीकरण करतो. उलट सिमेंट फवारून कडा राखाडी करायचा आणि मग त्याच्यावर रंगाने धबधबा काढायचा (पाहिला आहे, खोटं सांगत नाही), याला काय म्हणावं?

आमच्या बंधाऱ्याकडे परत येते. उभी, सपाट, गुळगुळीत भिंत लाटेला आवडत नाही. लाट आपटून उलटते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू ओरबाडून नेते. म्हणून पुढे दगडांचा ओबडधोबड उतार लागतो, त्याच्या फटींमध्ये लाट मोडते. मरीन ड्राइव्हला जे चार पायांचे टेट्रापॉड दिसतात त्यांचंही हेच तत्त्व. १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत ते काढले. एकात एक अडकतात, मध्ये पोकळी राहते, पाणी तिथे दमतं. दिसायला अवाढव्य सराट्यांचा ढीग, पण मुंबईकरांना मरीन ड्राइव्ह त्यांच्याशिवाय आठवत नाही. आमच्या गावी बंधाऱ्याचा दुसरा टप्पा उत्तरेकडे जाणार आहे. तिथे टेट्रापॉड घालायचे आणि तेही इंद्रधनुष्याच्या रंगात रंगवायचे, असं कुणीतरी सुचवलं आहे म्हणे. सात रंग, सात ओळी. पहिल्या भरतीनंतर त्यांना शेवाळ आणि कालवं चिकटतील, समुद्र आपला रंग स्वतः देईल. तेवढीच आशा.

आणि ते रात्रीचे दिवे. कोकणात वेळासपासून खाली कित्येक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं अंड्यातून निघाली की उजेडाकडे धावतात, कारण उघड्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडची बाजूच उजळ असते. आपण पाठीमागे 'आय लव्ह' पेटवलं की ती गावाकडे धावणार. प्रेम म्हणावं ते हेच का?

एवढं सगळं लिहिल्यावर एक कबुली द्यायला हवी. गावात आठ दिवस मी रोज संध्याकाळी त्या बंधाऱ्यावर जाऊन बसले. माथ्यावरची पायवाट रुंद आहे, कठड्याची उंची बसण्याजोगी आहे. कातरवेळी तिथे गावातल्या सुना, मुली, म्हाताऱ्या बसलेल्या असतात. आमच्या वेळी पुरुषांना पार होता, बायकांना विहिरीपलीकडे जागा नव्हती. आता त्यांना समुद्राकडे तोंड करून बसायला कट्टा मिळाला, ही केवढी गोष्ट आहे! हे कुणी सुशोभीकरण म्हणून केलेलं नाही, कठडा लागतोच म्हणून केला. पण दीड हात उंच ठेवायचं कुणाच्या तरी मनात आलं. त्या अनोळखी माणसाला मी रोज मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण पाठीमागे जलपरी आहे.

तिथेच माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, खारवी वाड्यातली. आता तिलाच नातू आहे. म्हटलं, "काय गं, कशी आहेत चित्रं?" ती म्हणाली, "चित्रं बरी आहेत, बाई. पण खाली उतरू कुठून?" खरंच की! वाड्यासमोर बंधारा सलग आहे. होड्या ओढायच्या तर पार दक्षिणेच्या टोकापर्यंत जायचं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बायका त्या सुट्या दगडांवरून चढतात. एक जण घसरून तिचा मनगटाचा हाड मोडला. तिला मी विचारलं, बांधताना कुणी विचारलं नव्हतं का? ती हसली. "चित्रं काढताना विचारलं होतं, बाई. मासा कुठला काढू म्हणून."

दुसऱ्या टप्प्याचं काम अजून कागदावर आहे. म्हणून परत येण्यापूर्वी मी ग्रामपंचायतीत एक पत्र दिलं. भाच्याने मजकूर तपासून दिला, हे त्याच्या मोठेपणाला धरून. त्यात लिहिलं आहे की खारवी वाड्यासमोर होडी ओढण्याइतका रुंद उतार ठेवावा आणि टोपली घेऊन चढता येतील अशा बुटक्या, खरबरीत पायऱ्या कराव्यात. उत्तरेला केवड्याचा जेवढा पट्टा शिल्लक आहे तिथे भिंत न नेता ती त्याच्या मागून वळवावी. भिंतीचा गावाकडचा दर्शनी भाग जांभ्यात करावा, गिलावा करू नये, पाण्याची भोकं उघडी ठेवावीत. दिवे लागलेच तर पायवाटेपुरते, जमिनीकडे तोंड केलेले असावेत. आणि रंगकामाचा निधी या पायऱ्यांकडे वळवता येत असेल तर पाहावं. शेवटच्या ओळीवर भाच्याने पेन्सिलने 'असं वळवता येत नाही' असं लिहिलं होतं. मी ती ओळ तशीच ठेवली.

ग्रामसेवकांनी शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, "बाई, तुम्हाला चित्रं आवडली नाहीत का?" मी म्हटलं, "डॉल्फिन ठीक आहेत, माड तेवढा पुसा." तो पुसला की नाही ते चुलतभाऊ फोनवर सांगणार आहे. समजलं की इथे लिहीनच.